दारातली भुतं आणि ताईची संजा

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि अमेरिकेतला हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. मी तेव्हा न्यू जर्सीत लेकीकडे होतो. दिवाळीचा कंदील मी करायचा, हे ठरलेलंच. तो होत आला तशी नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, आता माझं हॅलोविनचं वॉल हँगिंग करू या. दाराशेजारच्या भिंतीवर लावायचंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐन दिवाळीत दारात भुतं? हे आपल्यातलं नाही."

नात गप्प झाली. मीही. कारण ते वाक्य माझं नव्हतं. आईचं होतं, साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचं.

इंदूरला आमच्या वाड्यात मराठी बिऱ्हाडं आणि माळवी बिऱ्हाडं शेजारी शेजारी होती. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळवी मुली भिंतीवर संजा मांडत. शेणाने आकृती काढायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचे कागद चिकटवायचे, संध्याकाळी आरती, गाणी आणि शेवटी प्रसाद ओळखायचा. आपल्या भोंडल्याची खिरापत ओळखतात तसाच. रोज नवी आकृती, शेवटी मोठा किलाकोट. जुनी आकृती मुली स्वतःच उतरवून ठेवतात आणि अखेरीला सगळं पाण्यात सोडतात.

ताई तेरा वर्षांची होती. त्या मुलींबरोबर बसून शिकली आणि एका वर्षी तिने आमच्या दाराशेजारी स्वतःची संजा मांडली. आई म्हणाली, "पितृपक्षात हे काय भिंतीवर? हे आपल्यातलं नाही. आपला भोंडला येतोय ना नवरात्रात." खरं तर सकाळचे पोहे-जिलेबी आणि रविवारचे दाल-बाफले आईने केव्हाच आपले करून टाकले होते. संजा तेवढी परकी राहिली होती.

मी दहा वर्षांचा. आईने सांगितलं आणि मी उलथनं घेऊन ती खरवडून काढली. मजा वाटली होती, हेही सांगतो. ताई दारात उभी होती. हातात पाकळ्यांची ताटली होती. काही न बोलता ती ताटली घेऊन आत गेली. पुढे तिने कधी संजा मांडली नाही आणि आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

नातीला मी म्हटलं, "चल, पुठ्ठा आण."

सामानाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून दोन फूट उंचीचा पडका वाडा केला. तिच्या भाषेत 'हॉन्टेड हाऊस'. भिंतींना काळा कार्डपेपर. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कॉफीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या आणि त्यांच्या विटा केल्या. खिडक्या कापून मागून पिवळा पतंगी कागद लावला, ती तर कंदिलाचीच विद्या. मलमपट्टीच्या जाळीचं भूत, त्याला शर्टाच्या बटणांचे डोळे. वटवाघळांचे पंख घड्या घालून भिंतीपासून थोडे उचललेले. वर टांगायला अंगणातली वाळकी काटकी आणि सुतळी. बाटलीतल्या डिंकाने पतला कागद सुरकुतायला लागला, तेव्हा मी गॅसवर मैद्याची खळ शिजवली. ती पाहून नातीला भुतापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर पुठ्ठा पापडासारखा वाकलेला. नात रडवेली. एका बाजूने ओला कागद लावला की तो वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय मला ठाऊक होता. बँकेत लेजर बांधणारे पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद लावत. आम्ही पाठीमागून तेवढाच कागद खळीने लावला, वर जाड पुस्तकं ठेवली. दुसऱ्या दिवशी वाडा सरळ.

तो वाळेपर्यंत लेकीने हॅलोविनची गोष्ट सांगितली. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, २ तारखेला सर्व मृतात्म्यांचा. हॅलोविन म्हणजे आदली संध्याकाळ. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश लोक अमेरिकेत आले, इथे भोपळा मुबलक, शिवाय कोरायला सोपा. सलगमाचा भोपळा झाला. मला हसू आलं. म्हणजे हेही आपल्यासारखेच, गाव सोडून आलेले आणि जे मिळालं त्यात सण बसवणारे. आणि गेलेल्यांची आठवण त्यांच्याकडेही वर्षाच्या उतरणीलाच.

३१ तारखेला दारात वर कंदील आणि शेजारी भुतांचा वाडा. फोटो काढून ताईला पाठवला. आमची रात्र म्हणजे इंदूरची सकाळ. लगेच तिचा फोन आला.

"हा तर किलाकोटच केलास रे!"

मग जरा थांबून म्हणाली, "याला उलथनं लावू नकोस."

एवढी वर्षं तिलाही सगळं आठवत होतं तर. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं तेव्हा." ती म्हणाली, "दहा वर्षांचा होतास तू." आणि मग चकली खुसखुशीत झाली का ते विचारत बसली.

हॅलोविन संपल्यावर वाडा उतरवायचा होता. मी हात लावला नाही. नातीला स्टूल धरून दिलं. तिने सुतळी सोडवली, पंख दुमडले आणि पाठीवर दोन नावं लिहिली, तिचं आणि माझं. मी म्हटलं, "अजून एक लिही." ताईचं नाव मी सांगितलं, तिने ते मराठीत लिहिलं. वेलांटी चुकली आहे. राहू दे.