खारवट वावर आणि समुद्राची बाटली

मी येलदरीचा. पूर्णा नदीवरचं आमचं धरण 1960 च्या दशकात उभं राहिलं, तेव्हा अब्बा तिथे मातीच्या पाट्या उचलायला होते. आपण उचललेल्या मातीनं किती शिवार भिजतं, हे ते शेवटपर्यंत कौतुकानं सांगत. इथून सोडलेलं पाणी नदीनं खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथल्या कालव्यांतून वसमतकडे फिरतं. माझी थोरली बहीण त्याच भागात दिलेली. तिचं वावर कालव्याखाली आहे.

मागच्या उन्हाळ्यात आपाकडे गेलो, तर वावराचा खालचा कोपरा पांढरा पडलेला. "मिट्टी नमक छोड़ रई, मास्टर," दुल्हेभाई म्हणाले. त्या कोपऱ्यातली हळद कुजून गेली होती. आता पुन्हा तिथेच हळद लावायची त्यांची तयारी होती. भाचीच्या नर्सिंगची फी त्याच पिकातून भरायची होती. भरवसा कशावर, तर ओसरीत ठेवलेल्या सहा बाटल्यांवर. समुद्री शेवाळाचा अर्क, उधारीवर आणलेला. दुकानदारानं सांगितलं होतं, फवारा, खार निघून जाईल.

मी भाषेचा मास्तर. शेतीतलं फार कळत नाही, पण वाचता येतं. बाटलीवरचं सगळं वाचलं. खार काढून टाकण्याचा शब्दही त्यावर नव्हता. पिकाची वाढ, ताण सहन करण्याची ताकद, एवढंच लिहिलेलं.

मग घरी येऊन वाचत बसलो. हा अर्क थोतांड नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं यावर बरीच वर्षं काम केलं आहे. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बाया बांबूच्या तराफ्यांवर लाल शेवाळ वाढवतात, त्याचा रस काढला जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारनं अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं.

शेवाळ जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतं. त्याच्या रसात पालाश असतो, बीटेनसारखी द्रव्यं असतात, वाढीला चालना देणारे घटक असतात. खारवट जमिनीत ओल असली तरी मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि सोडियम आत शिरून पालाशची जागा बळकावतं. अर्काची फवारणी झाली की मुळं जास्त फुटतात, पेशी पाणी धरून ठेवतात, पीक तग धरतं. पण मातीतला खार होता तिथेच राहतो. आजाऱ्याला ताकद येते, आजार जात नाही.

आपाच्या घरी सब्र हा शब्द रोज कानावर पडतो. मला वाटतं, ही बाटली म्हणजे पिकाला दिलेला सब्र आहे. सब्र मोठी गोष्ट आहे, पण सब्र कर म्हणून कुणी जखम बांधायची सोडत नाही.

दुल्हेभाईंना म्हटलं, "आधी माती तपासू." सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे गेलं, की ती जमीन चोपण. अहवाल तसाच आला. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. पाळीला पाणी आलं की आपण मोकळं सोडून देतो. खालची पातळी वर येते, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार वर राहतात. म्हणजे अब्बांच्या धरणाचंच पाणी, फक्त बाहेर पडायला वाट नसलेलं.

त्या कोपऱ्यात हळद लावली नाही. अहवालातल्या हिशेबानं जिप्सम टाकलं, धैंचा पेरून गाडला. उरलेल्या रानात खार कमी होता. तिथे सोयाबीन घेतलं आणि अर्क निम्म्यावर फवारला, निम्मं तसंच ठेवलं. फवारलेल्या ओळी पावसाच्या खंडात हिरव्या राहिल्या, शेंगाही थोड्या बऱ्या भरल्या. दुल्हेभाई खूश झाले. पण पांढऱ्या कोपऱ्याच्या कडेला दोन्हीकडची रोपं सारखीच पिवळी पडली. ते पाहिल्यावर त्यांनी दुकानदाराचं नाव काढणं सोडलं.

फी भागली, पण आपाच्या पाटल्या गहाण ठेवून. हे लपवण्यात अर्थ नाही.

खरं काम अजून बाकी आहे. विरघळलेला खार वाहून जायला चर हवा आणि चर ओढ्याला मिळायचा तर शेजारच्या दोन वावरांतून जायला हवा. एक शेजारी तयार आहे. दुसरे बांधावरून बारा वर्षं बोलत नाहीत. येत्या ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांच्याही वावराचा कोपरा पांढरा पडायला लागला आहे, हे मी येता-जाता पाहिलं आहे.