पडून असलेल्या चाकाची निगा



दसरा झाला की आमच्या तलवाड्यातून, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडला की परततात. मग ज्यांची स्वतःची टायरगाडी किंवा ट्रॉली आहे, त्यांच्या दारात ती पुढचे चार-सहा महिने उभी असते. जादाचे चाक गोठ्याला टेकवलेले, जुना टायर परसात पडलेला. बैलांची आपण रोज विचारपूस करतो. चाकाकडे मात्र दसऱ्याच्या आदल्या दिवशीच पाहतो.

जुनी लाकडी चाके आठवा. उन्हाने लाकूड आटले की धाव ढिली व्हायची, म्हणून जाणती माणसे चाक पाण्यात भिजत घालीत. पुढे हवेचे चाक आले. १८८८ साली ते वापरात आणले जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी, तेही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. या रबरी चाकाची निगा लाकडी चाकाच्या अगदी उलट. त्याला सावली हवी आणि कोरडी जागा हवी.

टायर चालूनच झिजतो असे आपण समजतो. तो पडूनही खराब होतो. रबरात मेण मिसळलेले असते. चाक फिरते तेव्हा ते वर येऊन रबराला जपते. चाक एका जागी राहिले की हे थांबते. ऊन आणि हवा रबर कडक करतात, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी चांगली दिसते, पण उसाने भरलेल्या गाडीखाली असा टायर दगा देतो. मग उचलीतला पैसा पहिल्याच आठवड्यात टायरवर जातो.

म्हणून एवढे करा. चाक धुऊन, पुसून, पुरते वाळवा. डिझेल, ऑईल, ग्रीस लागले असेल तर काढा. ते रबराला खाते. मग अंधाऱ्या, थंड खोलीत फळीवर ठेवा. चूल, विजेची मोटार आणि वेल्डिंगची जागा यांपासून दूर ठेवा. रिमवर चढवलेले चाक हवा ठेवून आडवे रचले तरी चालते. रिमशिवायचा टायर मात्र उभा ठेवावा आणि महिन्याला थोडा फिरवावा, म्हणजे एकाच जागी दबत नाही. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून सैल घडी घाला. उभ्या गाडीच्या आसाखाली भक्कम ठोकळे लावून चाके जमिनीपासून उचला. ट्रॅक्टरचा मोठा टायर भिंतीला नुसता टेकवू नका, दोराने बांधा. खेळणाऱ्या लेकरावर कोसळला तर अनर्थ होईल.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नव्याच्या भावाने का घ्यावा?

आता भगिनींनो, तुमच्यासाठी खास. परसातल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते आणि तिथे डेंगीचा डास अंडी घालतो. हा डास दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून साचलेले पाणी ओता. नुसते ओतून भागत नाही. अंडी आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. टायर आतून घासून पुसा आणि छपराखाली घ्या. विंचूकाट्याची भीती असते, तेव्हा आत हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहा. अगदीच निकामी टायर भंगारवाल्याला द्या, पण जाळू नका. तो धूर विषारी असतो.

या सगळ्याला खर्च काय? एक दुपार, चार ठोकळे आणि जुने फडके. तापाने फणफणलेले लेकरू घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा ही दुपार स्वस्त आहे. आणि वाचलेले टायरचे पैसे पोरांच्या वह्या-पुस्तकांना येतील. या रविवारी परसात एक चक्कर मारा आणि आपली चाके मोजा.