पडद्याआडची वकिली : नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी

१/ नाशिकमध्ये जन्मलेल्या एका तरुणीने १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. त्या परीक्षेची पदवी तिच्या हाती पडली १९२२ साली. मधल्या काळातील बहुतेक वर्षे ती कायद्याचेच काम करीत होती. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालये तिला वकील मानावयास तयार नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी यांच्या विलक्षण आणि आजच्या वाचकाला काहीशा अडचणीत टाकणाऱ्या आयुष्याविषयी हा थ्रेड.

२/ जन्म १५ नोव्हेंबर १८६६. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांना बालपणी एका इंग्रज दांपत्याने दत्तक घेतले होते. पुढे त्यांनी पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम केले. त्या काळी नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीची शरणपूर ही वसाहत होती. आजचा शरणपूर रोड तिचेच नाव सांगतो. पुढे हे कुटुंब बेळगाव आणि पुणे येथे राहिले. मूळ पारशी, धर्म ख्रिस्ती, घरातले वळण इंग्रजी आणि अवतीभवती मराठी मुलूख, अशा वातावरणात ही मुलगी वाढली.

३/ मुंबई विद्यापीठाने आपली दारे स्त्रियांना १८८३ साली उघडली. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पदवी परीक्षेत महाविद्यालयात पहिल्या आल्या आणि विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. या यशाच्या बळावर इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. विद्यार्थी स्त्री आहे, एवढ्याच कारणाने ती नाकारण्यात आली.

४/ काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले. पुढ्यात बसलेले विद्यार्थी सारे पुरुष. दरम्यान इंग्लंडमध्ये लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांचीही नावे होती. सरकारने नाकारलेले शिक्षण अशा रीतीने वर्गणीतून पुरे होणार होते. १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या.

५/ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. नवऱ्याच्या घरी नांदण्यास नकार देऊन न्यायालयात लढलेल्या रखमाबाई त्याच वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. तिघींच्या वाटा निराळ्या होत्या. परंतु स्त्रीने कोणत्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तिघींपुढेही होता.

६/ ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये राहून कॉर्नेलिया कायदा शिकू लागल्या. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा त्यांना पाठिंबा होता. ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’च्या परीक्षेला स्त्रीला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ साली ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. उत्तीर्ण झाल्या, मात्र ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे.

७/ १८९४ साली त्या मायदेशी परतल्या. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, असे एकामागून एक टप्पे त्यांनी ओलांडले. तरीही सनद मिळेना. काही संस्थानांत विशेष परवानगीने काम करता येई. ब्रिटिश न्यायालयांत मात्र नियमित वकील म्हणून उभे राहता येत नव्हते. आता अपात्रतेला परीक्षेचे निमित्तही उरले नव्हते.

८/ याच काळात त्यांची दृष्टी एका निराळ्या अन्यायाकडे वळली. पडदानशीन विधवांच्या नावे कित्येकदा मोठ्या जमीनजुमल्याची मालकी असे. परंतु परपुरुषासमोर येणे निषिद्ध असल्याने त्यांना वकिलाशी समोरासमोर बोलताही येत नसे. कारभारी किंवा नातलग पडद्याआड कागद सरकवीत आणि बाई त्यावर निशाणी करी. कागदात काय लिहिले आहे, हे तिला सांगणारे विश्वासाचे माणूस कोण?

९/ अशा स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदेविषयक सल्लागार नेमावी, असा आग्रह कॉर्नेलियांनी सरकारदरबारी धरला. अज्ञान वारस आणि असहाय मालकिणी यांच्या इस्टेटी ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ या सरकारी व्यवस्थेच्या ताब्यात असत. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांचा प्रांत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा विस्तारला. सुमारे वीस वर्षांत जवळजवळ ६०० स्त्रिया व मुले यांना त्यांच्या कामाचा आधार मिळाला. वारसाहक्क, पोटगी, मुलांचे शिक्षण, क्वचित जीवाचे रक्षणही.

१०/ येथे त्यांच्या आयुष्यातला पेच दिसतो. ज्या पडद्याने असंख्य स्त्रियांना न्यायापासून दूर ठेवले, त्याच पडद्यामुळे कॉर्नेलियांना कायद्याच्या जगात जागा मिळाली. पुरुष वकील जनानखान्यात जाऊ शकत नव्हता, म्हणून स्त्री हवी होती. ज्या न्यायालयात पुरुष जाऊ शकत होता, तेथे तिची गरज कोणालाच वाटत नव्हती.

११/ दरम्यान इतर स्त्रियाही दार ठोठावीत होत्या. रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ साली फेटाळला. सुधांशुबाला हाजरा यांना १९२१ साली पाटण्यात नकार मिळाला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियांना वकील म्हणून नोंदवून घेतले. अखेर १९२३ च्या कायद्याने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिली नाकारण्यास मनाई केली. १९२४ साली कॉर्नेलिया कलकत्त्यात वकिली करू लागल्या तेव्हा त्यांचे वय ५७ होते. तेथेही पुरुषी पूर्वग्रह आड आला. प्रत्यक्ष युक्तिवादाऐवजी त्यांच्या वाट्याला अधिक करून लेखी अभिप्रायांचेच काम आले.

१२/ येथपर्यंतची कहाणी अभिमानाने सांगता येते. पुढची सांगताना जीभ अडखळते. कॉर्नेलिया साम्राज्याच्या निष्ठावान समर्थक होत्या. गांधीजींचे राजकारण त्यांना मान्य नव्हते. कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशभर संताप उसळला, तेव्हा त्यांनी लेखिकेची बाजू घेतली. जवळची माणसे दुरावली, सामाजिक कामाला मिळणारे सहकार्यही आटले. ज्या राजवटीने शिष्यवृत्ती नाकारली आणि न्यायालयाचे दार बंद ठेवले, तिच्याच बाजूने त्या अखेरपर्यंत उभ्या राहिल्या.

१३/ याला ‘काळाचा परिणाम’ म्हणून सोडून देता येत नाही. त्याच काळात, त्याच पारशी समाजातील हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन १९१९ साली हिंदी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लंडनला गेल्या होत्या. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. म्हणजे दुसरी वाट उपलब्ध होती. कॉर्नेलियांना ती पटली नाही. आधी शिक्षण, मग हक्क, अशी त्यांची धारणा होती. एकेका विधवेचा कागद वाचण्यात आयुष्य गेलेल्या या बाईंना लाखोंच्या चळवळीवर विश्वास ठेवता आला नाही.

१४/ ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २०१२ साली तेथील लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. इकडे भारतात, त्या ऑक्सफर्डला गेल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८९ साली, फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. सर्वोच्च न्यायालयात वकिली केलेल्या सुषमा स्वराज २०१४ साली परराष्ट्रमंत्री झाल्या. या वाटचालीच्या आरंभी कॉर्नेलियांचे नाव येते, आणि ही वाट ज्या स्वतंत्र देशात रुंद झाली, त्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याला त्यांचा विरोध होता.

१५/ म्हणून नाशिकच्या इतिहासात त्यांना स्थान देताना दोन्ही कागद एकत्र ठेवावेत : साम्राज्याच्या बाजूने त्यांनी लिहिलेलेही, आणि पडद्याआडच्या एखाद्या विधवेला निशाणी करण्यापूर्वी वाचून दाखविलेलेही. एक लपवून दुसरा दाखविला, तर जे दिसेल ते कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र नसेल.