चाळीस जणांची मैफल

माझी लेक बँडमध्ये गिटार वाजवते. समोर दहा-बारा जणच दिसले की हिरमुसते. मग मी तिला ‘सेक्स पिस्टल्स’ची गोष्ट सांगते. लंडनच्या या पंक बँडचा नोव्हेंबर १९७५ मधला पहिलाच कार्यक्रम मध्येच बंद पाडला गेला. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या छोट्या सभागृहात जेमतेम ४० श्रोते होते. त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हूक हे दोन मित्रही होते. वादनात सफाई नव्हती, पण हे आपल्यालाही जमेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी हूकने बेस गिटार घेतली. पुढे दोघांनी ‘जॉय डिव्हिजन’ बँड काढला.

तेव्हा मंडळी, ओळखीतलं कुणी पहिल्यांदा मंचावर उभं राहणार असेल, तर नक्की जा. गर्दी कमी असेल, तर जरा पुढेच बसा.