तेल तापेपर्यंत

आज मिनीच्या गिअरबॉक्सला तेलाच्या तापमानाचा सेन्सर बसवला. १९५९मध्ये आलेल्या या ब्रिटिश गाडीत अलेक इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, संपमध्ये ठेवला. दोघांना तेल एकच! जागा वाचली, पण इंजिनाची उष्णता सोसणारं तेल गिअरच्या दातांतही भरडलं जातं. म्हणून नुसत्या पाण्याच्या काट्यावर माझा भरवसा नाही. पाणी आधी तापतं, तेल मागून, सावकाश. पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल पुरतं तापलेलं नसतं, आणि तेव्हाच अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की झीज होते.

अडॅप्टर घालून तेल सोडायच्या बोल्टच्या जागी सेन्सर बसतो. तो बोल्ट चुंबकाचा, लोखंडाचा कीस धरून ठेवणारा. तो काढावा लागला याचं खरंच वाईट वाटतं.

एकतारी सेन्सरचं अर्थिंग गिअरबॉक्सच्या धातूतूनच होतं. म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली नाही, तांब्याचा वॉशर घातला. तेल तापलं की सेन्सरचा रोध घटतो आणि काटा चढतो. मीटर त्याच्याच जोडीचा हवा, नाहीतर आकडे खोटे.

उद्या वायर डॅशबोर्डपर्यंत न्यायची, सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून.