ओलं फडकं

गेल्या मे महिन्यात भिवंडीहून एक निकाह आटपून परतताना दुर्गाडी पुलावरच्या कोंडीत आमची 1986ची पद्मिनी बंद पडली. शेजारी अब्बा, मागे अम्मी, आणि पुलावर हॉर्नचा नुसता कल्लोळ.

मी बॉनेट उघडलं आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं. हा इलाज लहानपणापासून पाहिलेला. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. पंप थंड झाला की गाडी चालू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनाही हे तोंडपाठ होतं.

अब्बांनी विचारलं, "पाणी बघितलंस का?"

"अब्बा, पंपच आहे."

खरं तर अब्बांची उमर कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात गेली. रोज कल्याणहून लोकलने जाऊन त्यांनी याच गाड्या जोडल्या. तरी मी ऐकलं नाही. दहा मिनिटांत गाडी चालू झाली, मग तर माझं निदान पक्कंच! तापमानाच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाल चौकीला पोचेपर्यंत मागे पांढरा धूर, आणि इंजिन गप्प.

मिस्त्रीने डिपस्टिक काढली. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. म्हणजे त्यात पाणी शिरलेलं. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन तपासलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये जोरच नव्हता. शेजारशेजारचे दोन असे एकदम बसले की बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलेलं असतं. हेड उतरवून त्याने त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. हेड वाकलं होतं.

मूळ काय, तर रेडिएटरचा एक चिरलेला होज पाइप. पाणी थेंब थेंब गळत होतं. फडक्याने गाडी चालू झाली तेही खोटं नव्हतं. वाफ झालीच होती. इंजिन एवढं तापलं कशाने, हे मात्र मी विचारलंच नाही. (पुलावर घाईने रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, हे एक बरं झालं. हात भाजला असता.)

"भंगारात द्यायची का?" मिस्त्रीने विचारलं. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हापासून सामान शोधत फिरावं लागतं. अब्बा काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, दुरुस्त करा. हेड फेसिंगला दिलं. गॅस्केट कुर्ल्याला तिसऱ्या दुकानात मिळालं.

अब्बा रोज असरची नमाज पढून गॅरेजमध्ये येऊन बसायचे. हेडचे नट कसताना मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, एवढंच एकदा म्हणाले. शेवटच्या दिवशी मी विचारलं,

"अब्बा, पुलावर तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो. उकळलेल्या पाण्याचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की," अब्बा म्हणाले, आणि मिस्त्रीला पाना दिला.