रेडिएटरची कृपा

वरंध घाटातली वाघजाई मला कळली ती बाबांच्या फियाटमुळे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात फियाटखेरीज दुसरं नाव तिला कुणी दिलं नाही. मे महिन्यात कोकणातून निघून महाडमार्गे भोरकडे चढायला लागलो, की माझेरीच्या पुढे तापमानाचा काटा सरकायचा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, जाळीतून वारा नाही, डिकीत आंब्याच्या पेट्या. बाबा वाघजाईच्या देवळापर्यंत कशीबशी रेटायचे आणि बॉनेट उघडायचे. चाकामागे दगड लावायचं काम माझं. रेडिएटरच्या टोपणाला मात्र कुणी हात लावायचा नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मग इंजिन निवेपर्यंत करायचं काय? दरी बघायची.

आधी अर्थात भजी. ती माकडांपासून वाचवून संपली की कंटाळा यायचा, आणि त्या कंटाळ्यात नजर खाली जायची. सुरुवातीला नुसता निळसर धुरळा. बघत राहिलं की त्यातून एखादी वाडी सुटी व्हायची, मग भाजावळीने काळी पडलेली शेतं, मग कुठूनतरी निघून झाडीत शिरणारी पायवाट. समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात ती शिवथरघळ खालच्या खोऱ्यातच आहे. ती नेमकी कुठे, हे आई दर वेळी वेगळीकडे बोट दाखवून तितक्याच खात्रीने सांगायची. आम्ही उभे असायचो तो रस्ता कावळ्या किल्ला छेदून काढलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे मारुती ८०० आली. तिचा पंखा विजेवरचा. थांबायची सक्ती संपली आणि दरीही पाच मिनिटांवर आली.

माझी मुलं कठड्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. त्यांना काय बोलणार? आम्ही तरी हौसेने कुठे थांबत होतो! पावसाळ्यात धबधब्यांसाठी इथे झुंबड उडते. हल्ली दरडींच्या भीतीने घाट त्या दिवसांत अनेकदा बंदच असतो. मला त्याचं फारसं दुःख नाही, कारण ढगात हात दिसत नाही तिथे दरी काय दिसणार!

माझ्या गाडीत तापमानाचा काटाच नाही, हे बाबांना अजून पटलेलं नाही. "मग तापली हे कळणार कसं?" वाघजाई जवळ आली की मी म्हणतो, "बाबा, जरा वास येतोय का हो?" ते लगेच ताठ बसतात, गाडी बाजूला घ्यायला लावतात, बॉनेट उघडून आत डोकं घालतात. मी भजी सांगायला जातो.